यकृताच्या गल्लीतली सारजाबाई

४ जानेवारी

खतांच्या दुकानदारानं यंदाही डायरी दिली. पहिली पानं टोमॅटोवरच्या करप्याची, नंतरची माझी. दरवर्षी मी संक्रांतीपर्यंत लिहितो आणि मग उज्ज्वला तिच्यात ब्लाउजची मापं लिहायला लागते. यंदा तसं होऊ द्यायचं नाही. यंदा लिहिण्यासारखं घडलं आहे.

दुपारी उपकेंद्रातल्या डॉक्टर तेजस्विनी मॅडम माझ्या मंडपाच्या गोदामात आल्या. मला वाटलं, लाउडस्पीकरची तक्रार. तर म्हणाल्या, "काका, मंचरला तालुक्याचा आरोग्य मेळावा आहे. प्रत्येक गावानं एक छोटं नाटक करायचंय. चिठ्ठ्या टाकल्या. अवसरी खुर्दला हात धुणं आलं, आपल्याला यकृत."

मंडप आणि साउंड हा माझा धंदा, पण महाळुंगे पडवळमध्ये लोक मला ओळखतात ते नाटकवाला चांगदेव म्हणून. यात्रेतलं मागचं 'सूनबाईचा ड्रोन' अजून लोक आठवतात. मी म्हटलं, "यकृत म्हणजे लिव्हर. म्हणजे दारू. मॅडम, नाटक झालंच समजा."

रात्रीच्या जेवणाआधी पहिला अंक लिहून झाला. दारुड्या, त्याची बायको, बायकोचं लांबलचक रडणं. उज्ज्वलेला वाचून दाखवलं. ती मशीनवर काठ शिवत होती. म्हणाली, "रडणं थोडं कमी करा." तिला नाटकातलं फारसं कळत नाही, पण हात फार सफाईचा.

७ जानेवारी

नाटक नापास.

मॅडम म्हणाल्या, "काका, दारूचं सगळेच करतात. यकृत रक्तातले जंतू कसे पकडतं, ते दाखवा."

"यकृत जंतू पकडतं?" मी म्हटलं. "ते तर पचनाचं असतं ना?"

मग मॅडमनी गोदामातल्या खुर्च्या मांडून मला समजावलं. आतड्यातून जे रक्त निघतं, ते थेट हृदयाकडं जात नाही. आधी यकृतात येतं. जेवणातलं सगळं घेऊन येतं, आणि आतड्यातला एखादा चुकार जंतूही सोबत आणतं. बाकी अंगात फिरणारं रक्तही यकृतातून जातच असतं. तिथं वाहिन्या केसाहून बारीक होतात, रक्त हळू चालतं, आणि त्या बोळांच्या भिंतींना काही पेशी चिकटून बसलेल्या असतात. त्या जागा सोडत नाहीत. समोरून जंतू वाहत आला की धरतात, पोटात घेतात आणि विरघळवून टाकतात. रक्तात शिरलेले बहुतेक जंतू म्हणे पहिल्या काही मिनिटांतच असे पकडले जातात.

"ह्या पेशींना नाव काय?"

"कुफर पेशी."

मी ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर सारजाबाई आली. वेशीजवळच्या ओट्यावर बसलेली. ती जागची हलत नाही, पण तिच्यासमोरून कुणी सुटत नाही. पावणा असो नाहीतर पोस्टमन, हात धरून बसवणार, कुठून आला, कुणाचा, कशाला, सगळं काढून घेणार, मगच सोडणार. मी तिच्यासाठीच भूमिका लिहिणार.

उजवीकडची दाढ ठणकते. लवंग धरली आहे.

११ जानेवारी

सारजाबाईला विचारायला गेलो. तिनं हात धरून बसवलं.

"काय काम करायचं म्हन्तोस?"

"म्हातारे, तू कुफर पेशी व्हायचंस. एका जागी बसायचं आन् जंतू आला की गोधडी टाकून गिळायचा."

"कुकर?"

"कुफर."

"कुकरच की. आत घ्यायचं आन् शिजवायचं. नाव बराबर ठिवलंय." थोडा विचार करून म्हणाली, "उठायचं न्हाई ना? गुडघं लई दुखत्यात."

"अजिबात नाही."

"मंग करते."

तेव्हापासून सगळ्या गावात त्या पेशीचं नाव कुकर झालं आहे. मॅडमनी दोनदा दुरुस्त केलं, तिसऱ्यांदा त्याच कुकर म्हणाल्या.

जंतूचं काम दादाभाऊ करणार. माझा शाळेपासूनचा दोस्त, कोंबड्यांचं शेड आहे त्याचं. मिशी अशी की नुसता उभा राहिला तरी खलनायक. बचत गटातल्या चार जणी लाल साड्या नेसून रक्त होणार. सूत्रधार अर्थातच मी.

१४ जानेवारी

संक्रांत. तीळगूळ भरपूर. नंतर तहानही भरपूर, अख्खा तांब्या संपवला, तरी घसा कोरडाच. गुळाचा गुण. पँट कमरेत ढिली झाली आहे. उज्ज्वलेला अभिमानानं दाखवली, तर ती हसली नाही. नाटकाच्या धावपळीनं माणूस कसा सडसडीत होतो, हे तिला कळत नाही.

१७ जानेवारी

पहिली तालीम, गोदामातच. चारला सुरू करून दिवस मावळायच्या आत संपवावी लागते, कारण मागच्या उसात बिबट्या आहे. बचत गटाच्या बायका म्हणाल्या, जंतूला आमी भीत न्हाई, पन त्याला भितो.

मंडपाचे पाइप लावून मी अरुंद बोळ केला, दोन्हीकडं गुलाबी पडदे. त्यात सारजाबाई खुर्चीवर, मांडीवर गोधडी. दादाभाऊ काळं घोंगडं पांघरून आला. त्याच्यासाठी मी पानभर स्वगत लिहिलं होतं: "मी येतोय, आतड्याच्या अंधारातून..." एवढं म्हणेपर्यंत सारजाबाईनं गोधडी टाकली.

"आगं म्हातारे, थांब की! माझं बोलनं ऱ्हायलंय!"

"जंतू बोलत व्हय?" सारजाबाई म्हणाली. "आला की धरायचा, मॅडम म्हनल्या."

दादाभाऊ माझ्याकडं वळला. "राव, एवढी मिशी काळी करून मी येनार, आन् लगीच गिळनार? मला मरनाचा शीन तरी द्या."

मॅडम म्हणाल्या, खरं तर असंच होतं. जंतूला बोलायला वेळ मिळत नाही, म्हणून तर आपण जिवंत आहोत. शेवटी असं ठरलं की दादाभाऊनं गोधडीच्या आत गेल्यावर बोलायचं, जसजसा विरघळेल तसतसा आवाज बारीक करायचा. हे फार झकास झालं. मीच सुचवलं असं वाटतं, पण उज्ज्वला म्हणते तिनं सुचवलं. ती कोपऱ्यात लाल साड्यांना फॉल लावत होती, कसं सुचवेल?

पाइप उचलून उजवा खांदा धरला आहे.

२० जानेवारी

रक्तातल्या दोघींना मॅडमनी प्लेटलेट केलं. त्यांतली जया म्हणाली, "डेंगूत कमी व्हत्यात त्या?" त्याच. त्या कुकर पेशींना येताजाता शिवून बघतात म्हणे, तिनं काही धरलंय का. धरलेलं असेल तर चिकटून बसतात आणि मदत करतात. सारजाबाईला हे पसंत नाही. "मला एकटीला जमतंय. ह्या पोरी मधी मधी कशाला शिवत्यात?"

दादाभाऊ संवादात अडकला की कोपऱ्यातून उज्ज्वला शब्द पुरवते. मी लिहितोच इतकं सोपं की नुसतं कानावर पडूनही पाठ होतं.

२२ जानेवारी

यंदा थंडी फार. चारच्या सुमाराला असं हुडहुडून आलं की तालमीत जंतूचं घोंगडं मीच पांघरून बसलो. बाकीच्यांना मात्र थंडी वाजत नव्हती. बायका पदरानं वारा घेत होत्या. शेतातल्या माणसांना सवय असते. घरी येऊन तापाची गोळी घेतली, तासाभरात घाम येऊन मोकळा. उज्ज्वलेला सांगितलं नाही. सांगितलं की ती दवाखाना म्हणणार, आणि दवाखाना म्हटलं की तालीम बुडणार.

२५ जानेवारी

आज घरी मासवडी. उज्ज्वलेनं स्वतः सारण भाजून केलेली, सोबत आमटी आणि बाजरीची भाकरी. एक वडी खाल्ली आणि ताट सरकवलं. ती बघत राहिली.

"दाढ दुखती का?"

"तालमीत भजी झाली."

तालमीत भजी झाली नव्हती. मासवडी सोडून उठायची माझी ही पहिलीच वेळ असावी. सूत्रधाराचं मोठं भाषण डोक्यात घोळतंय, भूक कुठून लागणार? उजव्या कुशीत, फासळ्यांच्या खाली जडपणा वाटतो. दीर्घ श्वास घेतला की टोचतं. ह्यामुळे मोठं वाक्य दोन तुकड्यांत बोलावं लागतं. मॅडमना म्हटलं, नवीन शैली आहे. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही पिवळट दिसता."

गुलाबी पडद्यांमुळं दिसत असेन.

२८ जानेवारी

हे नीट लिहून ठेवतो.

तालीम चांगली चालली होती. दादाभाऊ जंतू म्हणून आत येताना छाती काढून यायचा, एखाद्या पैलवानासारखा. मी म्हटलं, जंतू असा येत नाही, रक्ताबरोबर वाहत येतो, थांब, मी दाखवतो. घोंगडं घेतलं आणि चार लाल साड्यांच्या मधून अंग सैल सोडून बोळात शिरलो. सारजाबाईनं गोधडी टाकली आणि सवयीनं माझं मनगट धरलं. मग सोडेना.

"म्हातारे, सोड, झालं."

"आगं बया," ती आतूनच ओरडली, "ह्यो तर पेटलाय! उज्ज्वला, हिकडं ये. तव्यासारखं अंग हाय ह्याचं."

"तालमीची ऊब," मी म्हटलं.

"मला नको शिकवू. किती दिस हाय?"

मी हात सोडवायचा प्रयत्न केला. सत्तरीच्या पुढची बाई, पण तिची पकड सुटेना, आणि खरं सांगायचं तर मला ती सोडवायची ताकदच नव्हती. उज्ज्वलेनं गोधडी उचलली. कपाळाला हात लावला. मॅडम जिल्ह्याच्या मिटिंगहून तेवढ्यात आल्या होत्या. त्यांनी मला तिथंच रक्ताच्या बायकांच्या मधे सतरंजीवर झोपवलं आणि उजव्या फासळ्यांखाली बोटं दाबली. मी ओरडलो. ते ओरडणं नाटकातलं नव्हतं, आणि सगळ्यांना ते कळलं. दादाभाऊच्या मिशीचा काळा रंग गालावर उतरला होता, तो पुसायचंही त्याला सुचेना.

मॅडमनी विचारलं, "खांदा दुखतो? उजवा? थंडी वाजून येते? तहान?"

प्रत्येकाला मी हो म्हटलं. प्रत्येक हो ऐकून उज्ज्वलेचा चेहरा बदलत गेला. ताबडतोब मंचरला निघायचं ठरलं. निघताना ती घरी माझा शर्ट घ्यायला गेली आणि बाजाच्या पेटीच्या खोक्यात लपवलेल्या तापाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं तिला सापडली. ती तिनं मोजून पिशवीत टाकली. मंचर येईपर्यंत पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली. मी दोनदा विनोद केला.

३० जानेवारी, मंचर, दवाखाना

यकृतात पू झाला आहे. सोनोग्राफीत दिसला, उजव्या बाजूला, मोठ्या लिंबाएवढा काळा खड्डा. शिवाय साखर वाढलेली, कधीपासून कोण जाणे. मोठे डॉक्टर म्हणाले, "अजून उशीर झाला असता तर अवघड होतं." उज्ज्वला त्या वेळी पिशवीतला रुमाल शोधत होती. फार वेळ शोधत होती.

आज सोनोग्राफीत बघत बघत सुई घालून नळी बसवली. जागा बधिर केली होती, तरी आत काहीतरी ढकलल्यासारखं वाटलं. मला भीती वाटली. हे डायरीतच लिहितो. छताकडं बघत होतो आणि डोक्यात एकच विचार येत होता, की सूत्रधाराचं भाषण दुसऱ्या कुणाला पाठ नाही. माणसाला अशा वेळी बायको आठवावी. मला भाषण आठवलं. मग बायकोही आठवली, पण दुसऱ्या नंबरला. हे तिला कधी सांगायचं नाही.

१ फेब्रुवारी

तेजस्विनी मॅडम भेटायला आल्या. मी रागातच होतो.

"मॅडम, महिनाभर मी ह्या यकृताचं कौतुक लिहिलं. पहारेकरी, रक्षणकर्तं, काय काय विशेषणं लावली. आणि माझ्याच यकृतानं असं करावं? माझे कुकर झोपले होते का?"

त्या हसल्या. "उलट काका. ते राबत होते. तुमच्या दाढेत पू आहे, साखर वाढलेली. जंतू नेमके कुठून आले ते छातीठोक सांगता येत नाही, पण पुन्हा पुन्हा येत राहिले असणार. साखर जास्त असली की धरणाऱ्यांचे हात पण ढिले पडतात. आले तेवढे सगळे गिळता आले नाहीत, तेव्हा बाकीच्या पांढऱ्या पेशी धावल्या, आणि सगळ्यांनी मिळून ते जंतू एका खड्ड्यात कोंडून धरले. हा पू म्हणजे त्याच मारामारीचा राडा. कोंडलं नसतं आणि सगळ्या रक्तात पसरले असते तर?"

नळीतून पिशवीत उतरणाऱ्या त्या घाणीकडं बघवत नव्हतं, आता थोडा वेळ बघितलं. त्यात कितीतरी पेशी मेलेल्या आहेत म्हणे, माझ्यासाठी.

"पण नाटक रद्द करा," मी म्हटलं. "सूत्रधाराशिवाय होणार नाही."

मॅडमनी उज्ज्वलेकडं बघितलं. उज्ज्वला मोसंबी सोलत होती. म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

इतकी वर्षं संसार केला, पण ती इतक्या पटकन ऐकेल असं वाटलं नव्हतं.

४ फेब्रुवारी

ताप नाही. दाढ काढली. सलाइनमधून औषध चालूच. उज्ज्वला दिवसातून दोन तास कुठंतरी जाते, म्हणते कपड्यांचं काम. परवा जाताना तिच्या पिशवीत माझं सूत्रधाराचं जाकीट दिसलं. धुवायला नेलं असेल. बिचारी, आता त्याचा काय उपयोग.

तिच्या जागी मेहुणा सावळेराम बसतो. तो येडगावहून येतो आणि आल्यापासून धरणातल्या माशांबद्दल बोलतो. मला फक्त मुगाची खिचडी चालते.

६ फेब्रुवारी

आज मेळावा. सकाळी उठलो तेव्हाच तोंड कडू. हाकेच्या अंतरावर मेळावा, खिडकीतून लाउडस्पीकर ऐकू येतोय, आणि आवाज फाटतोय, माझं साउंड असतं तर फाटला नसता. सावळेराम सारखा फोन बघत होता आणि मी बघितलं की फोन पालथा घालत होता. त्याला काही लपवता येत नाही. शेवटी स्वतःच म्हणाला, "दाजी, मला सांगू नको म्हनलेत. पन हे बघाच."

फोनवर नाटक चालू होतं. आपलं! माझा बोळ, माझे पडदे. आणि पुढं माझं जाकीट घालून उज्ज्वला. बाजूनं टिपा मारून तिनं ते स्वतःच्या अंगाबरोबर केलेलं. हात हलवत होती, हसवत होती, आणि तिच्या हातात कागद नव्हता. मला आधी ती ओळखूच आली नाही. मग ओळखली आणि सावळेरामच्या हातातून फोनच ओढून घेतला. औषधांनी माणूस हळवा होतो.

सारजाबाईनं दादाभाऊला असा धरला की घोंगडं फाटलं. गोधडीच्या आतून तो बारीक बारीक होत मेला तेव्हा मंडपात शिट्ट्या. मरणाचा शीन मिळाला त्याला.

शेवटी उज्ज्वला पुढं आली. "मंडळी, आत बसलेली ही बाई रात्रंदिवस राखन करती. पगार न्हाई, सुट्टी न्हाई. तिला एकच सांगनं असतं, की बाहेरच्या मानसानं ताप लपवू नये. आमच्या घरात एकानं लपवला." सगळे हसले. ती मात्र हसत नव्हती. तिनं जाकिटाची कड सारखी केली आणि मग नमस्कार केला.

हे वाक्य संहितेत नाही. शिवाय माझी तीन मोठी भाषणं ती पार विसरली. नवखी आहे, घाबरली असणार. संध्याकाळी आली तेव्हा मी सौम्यपणे म्हटलं, "छान झालं. भाषणं विसरलीस, पण चालायचंच."

"हो ना," ती म्हणाली, "विसरलेच बघा." आणि मोसंबी सोलायला बसली. पण हसू दाबत होती. नाटकाला पहिला नंबर मिळाला, त्याचा आनंद, दुसरं काय.

१० फेब्रुवारी

नळी काढली. घरी. वेशीजवळ गाडी थांबवावी लागली, कारण सारजाबाईनं खिडकीतून हात घालून माझं मनगट धरलं. बराच वेळ धरलं. मग म्हणाली, "थंड हाय. जा."

१६ मार्च

मधे बरेच दिवस लिहिलं नाही. चालणं, गोळ्या, साखर तपासणं, ह्यात काय लिहिणार. काल सोनोग्राफी झाली. खड्डा भरत आलाय, बोराएवढा राहिला. अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून नाटकाचं बोलावणं आहे. उज्ज्वला म्हणाली, मी सूत्रधार आणि तुम्ही साउंड सांभाळा. मी म्हटलं विचार करतो. विचार करायला तिनं चहा होईपर्यंतचा वेळ दिला.

तेजस्विनी मॅडमना सहज विचारलं, "आता सगळं निवळलं. यकृतातले ते धरणारे आता बसून असतील ना, निवांत?"

"निवांत कसले? काका, दात घासले तरी हिरड्यांतून थोडे जंतू रक्तात जातात. रोज. सगळ्यांचेच. ते पकडायचं काम चालूच असतं."

आज सकाळी मोरीपाशी दात घासताना ते आठवलं आणि ब्रश तोंडात तसाच धरून उभा राहिलो. उजवा हात आपोआप फासळ्यांखाली गेला. काही कळत नव्हतं. दुखत नव्हतं, हलत नव्हतं, आवाज नव्हता. कुणी माझ्यासाठी एवढं काम करतंय आणि मला पत्ताही लागू देत नाही, असं वाटून मी बराच वेळ उभा राहिलो असणार, कारण आतून उज्ज्वला आली.

"दुखतंय का?" तिचा आवाज एकदम बदलला होता.

मला "काही नाही" म्हणायची सवय आहे. तोंडातला फेस थुंकला.

"दुखत नाही," मी म्हटलं. "खरंच नाही. हात लावून बघ."

तिनं ओला हात पदराला पुसला आणि माझ्या कपाळाला लावून बघितला.